चित्राला नाव हवे, नावाला चित्र

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक माल डोळ्याने ओळखतो आणि तोंडाने मागतो. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात कापड पाठवीत, तेव्हा ताग्यांवर रंगीत छापील लेबल चिकटवीत. त्यावर हत्ती, वाघ, देवदेवता असत आणि सोबत पेढीचे नाव, कधी देशी लिपीतही. अक्षरओळख नसलेला माणूस चित्र सांगून माल मागे. दुकानदार नाव वाचून खात्री करून घेई. एकाच कागदाने दोघांचे काम होई.

आमची शाळा उर्दू. मराठी अक्षरे आम्ही बरीचशी अशा लेबलांवरूनच शिकलो. घोडा दिसला की खालचा शब्द "घोडा" असणार, एवढा हिशेब मुलाला कळतो.

एवढे ठाऊक असून आम्हीच चुकलो. १९९४ साली मालेगावच्या सुती साड्यांवर आम्ही स्वतःचे लेबल लावले. पोपटाचे चित्र मोठे, नाव मात्र बारीक इंग्रजीत. (तेव्हा इंग्रजीत नाव म्हणजे शान वाटे.) बायका "पोपटाची साडी" मागू लागल्या. दोन वर्षांत दुसऱ्या एका पेढीने पोपट छापला, नाव वेगळे घातले. तिची वीण विरळ होती, रंग जाई, आणि तक्रार घेऊन लोक आमच्या गादीवर येत. आमचे नाव कुणाच्या तोंडी नव्हतेच. मग माल आमचा नाही, हे पटवावे कसे? वकीलसाहेबांनी पहिला सवाल केला, नोंदणी कुठे आहे? ती नव्हती.

कोर्टाचे दोन निकाल व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावेत. १९६९ साली सुप्रीम कोर्टात तपकिरीचा खटला झाला, "अंबाळ" आणि "आंडाळ". चित्रे वेगळी होती, तरी उच्चार इतका जवळचा की दुसऱ्या नावाला नोंदणी मिळाली नाही. १९७२ साली पार्लेच्या बिस्किटांचा खटला झाला. तिथे दोन्ही वेष्टनांवर मुलगी, गाई, कोंबड्या. कोर्ट म्हणाले, वेष्टने शेजारी ठेवून बारीक फरक शोधायचे नसतात. गिऱ्हाइकाच्या मनात एकंदर कसला ठसा उरतो ते पाहायचे. म्हणजे एका खटल्यात कानाची फसगत पाहिली, दुसऱ्यात डोळ्याची.

सध्याचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. त्याच्या कलम १७ प्रमाणे संपूर्ण लेबल नोंदले तर हक्क त्या संपूर्ण लेबलावर मिळतो, त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर आपोआप नाही. म्हणून ऐपत असेल त्याने चित्र वेगळे आणि नाव वेगळे नोंदवावे. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होते. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो. पण आपली छाप बाजारात आधीपासून ओळखीची होती हे सिद्ध करावे लागते, आणि तिथेच लहान कारागीर अडकतो. माल उत्तम विणतो, पण कोऱ्या ताग्यात विकतो. घेणारा त्यावर आपली छाप मारतो, नाव त्याचे होते.

आता आमच्या लेबलावर पोपट आहे आणि खाली "पोपट" हा शब्द मराठी, उर्दू, गुजराती तिन्ही लिप्यांत, ठळक. प्रत्येक छपाईचा एक नमुना, छापखान्याचे बिल आणि त्या लेबलाखाली विकलेल्या मालाची पहिली पावती आम्ही फाईलला लावून ठेवतो. १९९४ ची पावती मात्र सापडली नाही.