चालू ठेवण्याची हौस

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर परवाना घेऊन भारतात आणला आणि त्याला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ असं नाव दिलं. ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड-८० प्रोसेसर, ४८ केबी मेमरी, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि साठवणीला साधा कॅसेट प्लेअर. त्याआधी १९८४ पासून शाळांतल्या संगणक-शिक्षणाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर काही शाळांत पोचलेच होते. आज ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही माळ्यावर असं खोकं निघालं, तर ते बहुधा भंगारवाल्याच्या गाडीवर जाईल. जगभर मात्र अशा खोक्यांभोवती हौशी मंडळं जमतात. त्यांना आठवणीत रमणारे म्हणून सोडून देणं सोपं आहे. माझ्या मते ही मंडळं यंत्रांपेक्षाही यंत्र चालू ठेवण्याची विद्या जपतात, आणि ती कपाटात ठेवून टिकत नाही.

स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीकडेच पाहा. त्याच्या पहिल्या १६ केबीसाठी आठ चिप असतात आणि त्यांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गायब झाला आणि १२ येत राहिला, तर चिप जळतात. नवखा माणूस चिप बदलतो आणि नवीही जाते. मुरलेला आधी मल्टिमीटर लावतो. झाकण उघडतानाही तो जपून असतो, कारण कीबोर्डची पातळ पट्टी वयाने कडक होते आणि घडीवर तडकते. मग कॅसेट. तिच्यावरचा सगळा मजकूर आवाजाच्या रूपात असतो आणि ४८ केबी भरायला पाचेक मिनिटं लागतात. प्लेअरचं हेड किंचित कललेलं असलं की आवाज दबका होतो आणि प्रोग्रॅम चढत नाही. तेव्हा बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवत आवाज लख्ख होईपर्यंत कान लावावा लागतो. हे सारं लिहून ठेवता येतं, पण येतं ते कुणाच्या तरी शेजारी बसूनच.

यावर आक्षेप येतो, की इम्युलेटर आहे ना? फोनवरसुद्धा स्पेक्ट्रमचे खेळ चालतात. आक्षेप रास्त आहे. नुसता खेळ खेळायचा असेल तर इम्युलेटर पुरतो. पण इम्युलेटर खऱ्या यंत्राची नक्कल करतो आणि नक्कल पडताळायला मूळ लागतं. यूएलए ही स्पेक्ट्रमची चित्र आणि आवाज सांभाळणारी चिप. तिची आतली रचना क्रिस स्मिथ यांनी उलगडून २०१० साली पुस्तकरूपात मांडली, तीही खरी चिप हाताशी असल्यामुळे. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: इथे हे कॉम्प्युटर होतेच किती घरांत? थोड्याच, हे मान्य. पण जे मुळातच थोडं होतं, त्यातला प्रत्येक नग अधिक मोलाचा ठरतो. इंग्लंडमधले स्पेक्ट्रम इंग्लंडचे लोक सांभाळतील. डीबीची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. संग्रहालय हा पर्याय आहेच, पण तो काचेमागचा. काचेमागच्या यंत्राचा कपॅसिटर आतून सुकतो आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

ठाण्याला हा युक्तिवाद परका नाही. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं, ते ‘मराठी छापलेलं सारं जपण्याजोगं आहे’ या भरवशावर. कुठलं पुस्तक पुढे कामाला येईल, हे आधी ठरवता येत नाही. जुन्या कॉम्प्युटरचंही तसंच आहे, फरक एकच. पुस्तक कोरडं ठेवलं तर शंभर वर्षांनी वाचता येतं. यंत्र कोरडं ठेवूनही मुकं होतं. म्हणून यंत्रांच्या संग्रहात कपाटाच्या जोडीला टेबल लागतं आणि टेबलाशी दोन खुर्च्या: एक ज्याला येतं त्याची, दुसरी ज्याला शिकायचं आहे त्याची.