बोटीच्या वायरिंगला कनेक्टर पट्टी कुठली घ्यावी?



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर काढलेल्या आहेत, जाळ्यांची आणि इंजिनांची कामं चालली आहेत. बॅटरीचं वायरिंग आपल्यातले बरेच जण स्वतःच करतात. करायला हरकत नाही. पण वायरी जोडायची कनेक्टर पट्टी घेताना दुकानदार देईल ती उचलू नका.

घरात २३० व्होल्ट, बोटीवर १२. व्होल्ट कमी म्हणून धोका कमी, असा आपला समज असतो. हिशोब करून बघा. ६० वॅटच्या दिव्याला घरात पाव अँपियरच्या आसपास करंट लागतो, तर बोटीवर त्याच दिव्याला ५ अँपियर. म्हणजे एकाच जोडावर वीसपट भार. जोड ढिला किंवा गंजलेला असला तर तिथेच व्होल्ट खाल्ले जातात आणि तिथेच गरम होतं.

वायरलेसचंच घ्या. २५ वॅटचा सेट ऐकताना फार थोडा करंट घेतो, पण बोलायचं बटण दाबलं की ५-६ अँपियर. जोड खराब असेल तर ऐकू सगळं येतं, पण मदत मागायला बटण दाबलं की सेट बंद पडतो. जेटीवर नुसता चालू करून बघितला तर हे कळतच नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

१) पांढरी प्लास्टिकची पट्टी, कापून वापरायची. हिच्यात वायरीचं टोक भोकात घालून वरून स्क्रू आवळतात. स्क्रूचं टोक थेट तारांवर फिरतं, बारीक तारा तुटतात. इंजिनाच्या हादऱ्याने उरलेल्या सुटतात. घरच्या दिव्याला ठीक, बोटीवर नको.

२) काळी जाड पट्टी, दोन स्क्रूंच्या मध्ये आडभिंत असलेली. हिच्यात वायरीला आधी गोल लग दाबून बसवायचा आणि तो स्क्रूखाली धरायचा. बोटीला हीच घ्या. लग पूर्ण गोल घ्या. उघड्या तोंडाचा लग स्क्रू जरा ढिला झाला की निसटतो, गोल लग स्क्रू पूर्ण निघेपर्यंत जागेवर राहतो.

घेताना एवढं बघा:

• स्क्रू आणि आतली पट्टी पितळेची हवी. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. स्क्रूला घट्ट चिकटला तर ते लोखंड, खाऱ्या हवेत टिकणार नाही.
• एका जोडातून जाणारा सगळा करंट मोजा आणि त्याच्या दीडपट-दुप्पट अँपियरची पट्टी घ्या. १० अँपियर असेल तर १५ किंवा २० ची.
• लग वायरीच्या जाडीचा आणि स्क्रूच्या मापाचा हवा. एका स्क्रूखाली दोनपेक्षा जास्त लग नकोत.
• वायर तांब्याचीच, बारीक तारांची. कल्हई केलेली मिळाली तर उत्तम, ती लवकर हिरवी पडत नाही.

बसवताना पट्टी झाकणाच्या डब्यात, पाण्यापासून उंच आणि पेट्रोलच्या टाकीपासून लांब ठेवा. वायरी डब्यात खालून घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत जात नाही. जोड आवळून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लावा. बॅटरीजवळ फ्यूज घातल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. मोठ्या बोटीवर इन्व्हर्टर असेल तर २३० व्होल्टची पट्टी वेगळ्या डब्यात.

शेवटी तपासणी. प्रत्येक वायर हाताने ओढून बघा. दिवे, पंप सगळं एकदम चालू करा आणि मल्टीमीटरच्या दोन पिना एकाच जोडाच्या दोन बाजूंना लावा. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतं. अर्धा व्होल्ट दिसला तर तो जोड उघडून परत करा. वायरलेसचा जोड मात्र बटण दाबून धरूनच तपासा.

रात्री डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा बघूनच समोरच्या जहाजाला आपली दिशा कळते. दिवा विझला तर त्याला आपण दिसतच नाही. म्हणून बोटी पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकाने आपला डबा उघडून बघावा. पांढरी पट्टी असेल तर ती याच बंदीत बदलून घ्यावी.

— सेक्रेटरी