सपाटीवरचा चढ

मोडनिंबहून महामार्गाने एकीकडे टेंभुर्णी, दुसरीकडे मोहोळ. वाटेत घाट नाही. म्हणून सायकलला इंजिन बसवताना मागचे स्प्रॉकेट कमी दात्यांचे घ्यावे, वेग वाढेल, हा विचार सहज पटतो. तो चुकीचा आहे. गिअरिंग ठरवताना रस्त्याचा चढच नव्हे, तर सायकलला मागे ओढणारा सगळा विरोध मोजावा लागतो. चालक, सायकल आणि कॅरिअरवरचे ओझे मिळून १४० किलो धरू. ताशी २५ किमीने जाताना समोरून ताशी २० किमीचा वारा आला, तर हवेचा रेटा साधारण साडेपाच किलो वजनाइतका भरतो. शंभर मीटरला चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हीच सायकल तितक्याच जोराने मागे ओढली जाते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की टेंभुर्णीकडची सपाटी डोळ्यांना न दिसणारा चढ होते.

आता दाते मोजू. २८ इंची सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. ताशी ३० किमीला ते मिनिटाला जवळपास २२७ फेरे घेते. टू-स्ट्रोक इंजिन ५,००० फेऱ्यांच्या आसपास जोमात चालत असेल, तर इंजिन आणि चाक यांच्यामध्ये २२ पट घट हवी. चेनवर चालणाऱ्या नेहमीच्या किटमध्ये इंजिनाच्या आतच सुमारे ४.१ पट घट असते. पुढे १० आणि मागे ४४ दाते असतील तर एकूण घट १८ पट होते. मागे ५० दाते घेतले तर साडेवीस पट. या बदलाने ५,००० फेऱ्यांवरचा वेग ३७ वरून ३२ वर येतो, पण चाकाला मिळणारा जोर सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. वाऱ्यात वेग २५ वर उतरला की ४४ दात्यांवर इंजिन ३,४०० फेऱ्यांपर्यंत घसरून धापा टाकू लागते, ५० दात्यांवर ते ३,९०० च्या आसपास टिकते.

इंजिन जास्त फिरले तर पेट्रोल जास्त जाईल, हा आक्षेप मोकळ्या रस्त्यावर आणि पाठच्या वाऱ्यात खरा आहे. पण फेरे पडलेले इंजिन पूर्ण थ्रॉटलवर रेटत राहिले, तर ते तापते आणि क्लच घसरून झिजतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टीव्हीएस एक्सएल १०० एकाच गिअरवर पोती वाहते, मग सायकललाच एवढा हिशोब कशाला? कारण तिथे जवळपास १०० सीसीचे इंजिन आहे. चुकीचे गिअरिंग खपवून घेण्याइतकी ताकद त्याच्याकडे शिल्लक असते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या ५० सीसीच्या लुनाकडे ती नव्हती. तिलाही एकच गिअर होता, पण पॅडल होते आणि चढावर चालकाचे पाय दुसऱ्या गिअरचे काम करीत. इंजिन बसवताना पॅडलची चेन काढून टाकणारे हाच आधार गमावतात. चेनऐवजी टायरवर घासून चाक फिरवणारा रोलर मात्र इथे नकोच. काळ्या मातीच्या चिखलात तो घसरतो.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची, २५ सीसीपर्यंतची वाहने वगळली आहेत. त्याहून मोठे इंजिन लावले की नोंदणीचा प्रश्न येतो आणि घरी जोडलेल्या वाहनाला ती मिळणे अवघड. म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किमीच्या आत चालणारी विजेची मोटार सोयीची. तिथेही तोच निकष लावावा: थेट फिरणाऱ्या हब मोटारीपेक्षा आत गिअर असलेली हब मोटार घ्यावी. ती कमी वेगालाही जोर देते. विकत घेण्याआधी दुकानदाराला कमाल वेग विचारू नका. भरल्या कॅरिअरने, समोरच्या वाऱ्यात ती किती वेग धरते ते चालवून पाहा.