खडकवासल्यात आणलेला समुद्र

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला जाणारी बहुतेक मंडळी धरणाच्या भिंतीपाशी थांबतात, भाजलेले कणीस खातात, गर्दीच्या नावाने बोटे मोडतात आणि माघारी फिरतात. तिथेच, हाकेच्या अंतरावर, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे आवार आहे. नाव लांबलचक असल्यामुळे बोलताना सगळे ‘सीडब्ल्यूपीआरएस’च म्हणतात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर, सह्याद्रीच्या या बाजूला, मोठाल्या शेडांखाली बंदरे मांडायची, त्यांत भरती-ओहोटी आणायची आणि लाटा उठवायच्या, हा या संस्थेचा कित्येक वर्षांचा उद्योग.

संस्थेची सुरुवात मात्र समुद्राने झाली नाही, कालव्यांनी झाली. 1916 साली मुंबई इलाख्याने सिंचनाचे प्रश्न सोडवायला एक खास विभाग काढला, ते हिचे मूळ. ते दिवस दख्खनच्या कालव्यांचे होते. आमच्या नगर जिल्ह्यात गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे फिरत होते, प्रवरेवर भंडारदऱ्याची भिंत चढत होती. ती 1926 मध्ये पुरी झाली. कालवा आला की ऊस येतो, आणि निचरा नसला की उसामागून चोपण जमीनही येते. पाण्याचे हे वागणे समजून घ्यायला क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरने खडकवासल्यात नद्यांच्या आणि कालव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून पाहायला सुरुवात केली. भारतातले काम संपवून इंग्लिस इंग्लंडला परतले आणि तिथल्या नव्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. शिकवणी इकडून तिकडे गेल्याचे हे एक उदाहरण, एरवी आपण उलटेच ऐकतो. इथला वारसा द. वि. जोगळेकरांसारख्यांनी पुढे चालवला. नदीला वळण कसे लावावे यावरचे जोगळेकरांचे इंग्रजी पुस्तक पाटबंधारे खात्यातल्या जुन्या इंजिनिअरांना चांगले परिचयाचे आहे. पुढे देशाला बंदरे हवी झाली, तसा याच आवारात समुद्र आला.

तो कसा आणतात, ते थोडे सविस्तर पाहू.

समजा मुंबईची खाडी मांडायची आहे. आडवे माप 1:400 घेतले, तर 1 किलोमीटर अडीच मीटरात बसतो आणि 10 किलोमीटर रुंदीचे पाणी 25 मीटरच्या शेडमध्ये मावते. पण उभे मापही तेच ठेवले, तर मोठ्या जहाजांसाठी 15 मीटर खोल उकरलेली वाट प्रतिकृतीत पावणेचार सेंटिमीटरची होते. इतक्या उथळ थरात पाणी समुद्रासारखे वाहत नाही, ताटलीतल्या पाण्यासारखे तळाला चिकटून राहते. म्हणून उभे माप वेगळे, समजा 1:80, धरतात. मग तीच वाट पावणेएकोणीस सेंटिमीटर खोल भरते आणि पाणी पाण्यासारखे वागू लागते. सर्वेक्षणाच्या नकाशावरून तळाचे छेद कापायचे, ते ओळीने उभे करायचे, मधली जागा भरून वरून सिमेंटचा गिलावा करायचा. काम गवंड्याचेच, पण चूक मिलिमीटरात मोजली जाते. उभ्या मापात एक मिलिमीटर चुकला, की समुद्रात आठ सेंटिमीटर चुकले.

मापे बदलली की घड्याळही बदलते. वरच्या मापांना वेळ सुमारे पंचेचाळीस पट वेगाने धावतो. समुद्रात 12 तास 25 मिनिटांनी येणारी पुढची भरती इथे सतराएक मिनिटांत येते. उधाणापासून भांगापर्यंत आणि परत उधाणापर्यंतचा सगळा पंधरवडा आठ तासांत उरकतो, म्हणजे कामगाराची एक पाळी. टोकाला झडप असते, ती ठरल्या वेळापत्रकाने पाण्याची पातळी चढवते-उतरवते. पाण्यावर कागदाचे कपटे किंवा तरंगते ठोकळे सोडले, रंग सोडला, की प्रवाह कुठे वळतो आणि कुठे भोवरा धरतो ते उघड्या डोळ्यांना दिसते. जिथे भोवरा तिथे पाणी मंद, जिथे पाणी मंद तिथे गाळ. नवा धक्का कुठे बांधू नये, हे कित्येकदा त्या कपट्यांवरूनच कळून चुकते.

या पद्धतीला एक मोठी अडचण आहे. समुद्र 80 पट लहान करता येतो, गाळाचा कण करता येत नाही. मुंबईच्या खाडीतला चिखल आधीच पिठासारखा. त्याहून 80 पट बारीक काही मिळाले, तरी ते खाली बसणारच नाही. इथे सिमेंटची प्रतिकृती हात टेकते आणि संगणक पुढे येतो. समुद्राचे हजारो त्रिकोण पाडायचे, किनाऱ्याजवळ लहान, खोल पाण्यात मोठे. प्रत्येक त्रिकोणात किती पाणी आले, किती गेले, किती गाळ उचलला, किती टाकला याचा हिशेब थोड्या-थोड्या सेकंदांनी मांडायचा. आता बरेच काम असेच चालते. जुन्या माणसांना शेडमधल्या पाण्यावर अधिक भरवसा वाटतो, नव्यांना पडद्यावरच्या रंगांवर. माझे मत विचाराल, तर दोन्ही एकमेकांना तपासायला हवेत. पडद्यावरचे चित्र इतके देखणे असते, की त्याखालचा आकडा कुठून आला हे विचारायचे राहूनच जाते.

लाटांसाठी वेगळी सोय असते, लांबच लांब काचेची नाली. एका टोकाला फळी पुढे-मागे हलून लाटा ढकलते, दुसऱ्या टोकाला लाटरोधक भिंतीचा छेद रचलेला असतो. मरीन ड्राइव्हला कठड्यापलीकडे चार पायांचे सिमेंटचे टेट्रापॉड पडलेले दिसतात, त्यांच्याच मुठीएवढ्या प्रतिकृती एकमेकींत गुंतवून ठेवतात आणि लाट वाढवत नेतात. एखादा ठोकळा हलतो, मग घसरतो, मग शेजारच्याला घेऊन खाली जातो. भिंत कोणत्या लाटेला खचते हे तिथे कळले, की समुद्रात ती चूक करावी लागत नाही.

भिंत टिकली म्हणजे बंदर चालले असे मात्र नाही. कंटेनर उचलणारी क्रेन चालू राहायची तर धक्क्याजवळची लाट साधारण अर्ध्या मीटरच्या आसपासच हवी. त्यापुढे जहाज डोलते, दोर ताणले जातात आणि काम थांबवावे लागते. म्हणून अभ्यासाच्या शेवटी जो आकडा हाती लागतो तो मोठा साधा असतो: वर्षातले किती दिवस हे बंदर बंद राहील. इंजिनिअरांची सारी समीकरणे शेवटी दिवसांत उतरतात, आणि बंदराची किंमत, विमा, जहाजांचे वेळापत्रक या दिवसांवर ठरते.

आता खरी गोची या दिवसांचीच झाली आहे. भिंतीची उंची ठरवताना ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारी लाट धरतात. ऐकायला ती लांबची वाटते. पण अशा लाटेची शक्यता दर वर्षी 1 टक्का, म्हणजे 50 वर्षांच्या आयुष्यात ती गाठण्याची शक्यता जवळजवळ 40 टक्के. आणि हा हिशेब मागच्या नोंदींवर उभा आहे. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची पातळी 1878 पासून मोजली जाते. इतकी जुनी नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे. पण मागचा समुद्र आणि पुढचा समुद्र एकच राहील, हे गृहीतकच आता डळमळले आहे. पुण्याच्याच पाषाणमधल्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली, आणि वादळे समुद्रात टिकून राहण्याचा एकूण काळ 80 टक्क्यांनी. तेव्हा आता दोन संस्थांची सांगड लागते. पाषाणने पुढच्या हवेचा अंदाज द्यायचा, खडकवासल्याने त्या हवेखालची लाट बंदरात सोडून पाहायची. जे घडलेले नाही त्याची ही रंगीत तालीम.

किनाऱ्याने खरा प्रयोगही पाहिला आहे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्याच दिवशी रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज फेकले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच रुतून राहिले. वादळ घाट चढून आत आले, तेव्हा मावळातल्या पॉलिहाऊसची पार चाळण झाली. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गुजरातकडे गेले. किनाऱ्याला धडकलेही नव्हते, तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ ‘पी-305’ हा बार्ज बुडाला. तो आणि ‘वरप्रदा’ टग मिळून 80 हून अधिक माणसे गेली. बंदरांचे काम थांबले ते वेगळे.

यात नगर जिल्ह्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्याला समुद्र नाही, पण नेवाशाच्या घोडेगावचा आणि नगरजवळच्या नेप्तीचा कांदा दुबईला, कोलंबोला, मलेशियाला जातो तो न्हावा-शेव्यावरूनच. हे बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि 2024-25 मध्ये त्याने 20 फुटी मापाचे 73 लाख कंटेनर हाताळले. अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस सरताना ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरतात, आणि त्यातला चांगला माल परदेशी निघतो तोही त्याच सुमारास.

बंदर दोन दिवस बंद राहिले म्हणजे दोनच दिवस गेले, असे आपल्याला वाटते. रांगेचा हिशेब तसा नसतो. बंदर आपल्या क्षमतेच्या 90 टक्क्यांवर चालत असेल, तर दोन बंद दिवसांत 1.8 दिवसांचे काम तुंबते आणि ते उपसायला रोज हाताशी फक्त 10 टक्के. तुंबलेले सरायला 18 दिवस लागतात. तेच बंदर 70 टक्क्यांवर चालत असेल, तर पाच दिवसांच्या आत सगळे सुरळीत. जहाजवाहतुकीचे आजचे संगणकी अभ्यास पाण्याइतकेच या रांगेवर भर देतात: कोणते जहाज नांगरून ठेवायचे, कोणते दुसऱ्या बंदराला वळवायचे, यार्डात किती जागा मोकळी राखायची. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे हिशेबनीस म्हणतो. वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी त्याला विचारावे. इकडे 18 दिवसांत कंटेनरमधल्या कांद्याला कोंब येतो, काजळी धरते, पत्ती सुटते, आणि पलीकडचा व्यापारी भाव पाडायला मोकळा होतो.

जहाजांची रांग वादळानेच लागते असेही नाही. दुष्काळी माणसाला सगळ्यात लवकर समजेल ते पनामा कालव्याचे प्रकरण. त्या कालव्याची जहाजे समुद्राच्या पाण्यावर नव्हे, गातून तलावाच्या गोड्या पाण्यावर डोंगर ओलांडतात. एक जहाज जुन्या लॉकमधून पार करायला साधारण 5 कोटी गॅलन, म्हणजे 19 कोटी लिटर पाणी समुद्राला जाते. आपल्या भाषेत 67 लाख घनफूट. रोज 36 जहाजे धरली तर दिवसाला पाव टीएमसीच्या जवळ. भंडारदऱ्याचा 11 टीएमसीचा पूर्ण साठा या कामाला दीड महिना पुरला असता. 2023 मध्ये तिथे पाऊस दगा देऊन गेला, आणि तोच तलाव पनामा शहराची तहानही भागवतो. मग आवर्तन कमी करावे लागले. जहाजांची संख्या डिसेंबरात रोज 22 पर्यंत खाली आली, जहाज पाण्यात किती बुडावे याची मर्यादा 50 फुटांवरून 44 वर आणली. पिण्याला आधी की धंद्याला आधी, हे भांडण जायकवाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. कोणाला किती दिवस थांबवायचे हे ठरवायला तलावाच्या पातळीचे पुढच्या काही महिन्यांचे अंदाज तिथे रोजच्या कामाचा भाग झाले.

खडकवासल्याच्या कामाची आजची कसोटी म्हणजे पालघरजवळचे वाढवण बंदर. 30 ऑगस्ट 2024 ला त्याची पायाभरणी झाली. 76 हजार कोटींहून अधिक खर्च, समुद्रात भराव आणि 10 किलोमीटरची लाटरोधक भिंत. लाटा, प्रवाह, किनाऱ्याची धूप यांचे अभ्यास याच संस्थेकडे होते. वाढवणच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे, आणि तो नुसता भावनेचा नाही. भिंतीने वळलेला प्रवाह कुठे जाईल, हाच त्यांचा प्रश्न आहे आणि प्रतिकृतीतले कपटेही नेमके तेच सांगायला सोडलेले असतात. जनसुनावणीला सारांश मराठीत मिळतो, मूळ आकडेमोड इंग्रजी अहवालातच राहते. पन्नास वर्षे त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्याला संगणकाचा नकाशा मराठीत समोर ठेवून ‘इथे प्रवाह असाच वाहतो ना?’ असे विचारले असते, तर अभ्यासाची तपासणीही झाली असती. 1961 च्या 12 जुलैला पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली, ती या संस्थेच्या उशाशीच. पाण्यापुढे तज्ज्ञाने जरा नमते राहावे, याची आठवण त्या आवाराला वेगळी करून द्यावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याही प्रतिकृतीत बसत नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदी झाली, ती पुढच्या 4 मेपर्यंत चालली. न वादळ, न लाट, तरी पाच महिने कांद्याला बंदर जवळजवळ बंदच होते.

पण जे बसू शकते तेही अजून पुरते बसवलेले नाही. बंदराचे अभ्यास बहुतेक फाटकापाशी संपतात. जूनच्या पावसात माळशेजला दरड कोसळली, कसाऱ्याला वाहतूक तुंबली, तर घोडेगावाहून निघालेला कंटेनर जहाज चुकवतो, आणि त्याच आठवड्यात समुद्रात वादळ असेल तर पुढच्या जहाजात त्याला जागा मिळत नाही. घाट, यार्ड आणि धक्का यांची ही एकच रांग आहे. तिचे गणित खडकवासल्यातल्या लाटेपेक्षा सोपे आहे. दरडी कुठे पडतात त्याच्या नोंदी बांधकाम खात्याकडे आहेत, कांद्याच्या रोजच्या आवकेचे आकडे बाजार समित्यांकडे आणि जहाजांचे वेळापत्रक बंदराकडे. तिन्ही कागद एका टेबलावर मांडायचे काम कोणा एका खात्याचे नाही, म्हणून सध्या ते घोडेगावचा व्यापारी फोनवर, ट्रकवाल्याला विचारून करतो.