बहुओळी लॉग नोंदींचे चुकीचे विभाजन

संगणक प्रणालीतील एकाच घटनेची अनेक ओळींची नोंद संकलनावेळी तुटून स्वतंत्र नोंदींत विखुरली जाणे, यास बहुओळी लॉग नोंदीचे चुकीचे विभाजन म्हणतात. जावाचा स्टॅक ट्रेस हे याचे नेहमीचे उदाहरण होय. त्रुटीचा संदेश एका नोंदीत राहतो आणि तिचा माग दाखवणाऱ्या ओळी इतरत्र पडतात; शोधात त्रुटी सापडते, कारण सापडत नाही.

फाइलबीटमध्ये नोंदीचा आरंभ ओळखणारा नमुना, बहुधा ओळीच्या सुरुवातीचा दिनांक, द्यावा लागतो. ‘निगेट’ ट्रू आणि ‘मॅच’ आफ्टर ठेवल्यास दिनांक नसलेल्या ओळी आधीच्या नोंदीस जोडल्या जातात. नमुना अचूक असूनही नोंद अपुरी येत असल्यास मर्यादा तपासाव्यात: मूळ मांडणीत ५०० ओळींपुढील मजकूर गाळला जातो, तर ५ सेकंद थांबून नोंद आहे तशी पाठवली जाते. ही जोडणी लॉगस्टॅशकडे पाठवण्यापूर्वीच करावी. तेथे निरनिराळ्या स्रोतांच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात.