तरंगत्या नळातून गाळाचा प्रवास

लोखंडी खिळा पाण्यात टाकला की बुडतो, हे तुम्ही जाणताच. मग लोखंडी नळांची शेकडो मीटर लांब रांग, तीही पोटात चिखल भरलेली, पाण्यावर तरंगत कशी ठेवायची? बंदरात किंवा खाडीत गाळ उपसणाऱ्या ड्रेजरच्या मागे अशी रांग असते. ती तरंगते कशी ते आज पाहू. पण आधी हा गाळ येतो कोठून? रायगड जिल्ह्यातील सावित्री नदीलाच विचारू या.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर, सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते. सह्याद्री उतरून ती पोलादपूरला येते तेव्हा तिचा वेग मोठा असतो. पुराच्या वेळी ती धोंडेसुद्धा ढकलत आणते. पुढे महाडच्या बाजूला जमीन सपाट होते, गांधारी नदी येऊन मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. पाण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाणी आपले ओझे खाली ठेवू लागते: आधी गोटे, मग वाळू, शेवटी बारीक माती. गाळ साचला की पात्राची खोली घटते आणि तेवढे पाणी काठाबाहेर पडायला मोकळे होते.

याची किंमत महाडने मोजली आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळून अनेक माणसे गेली. महाड शहर पुरात बुडाले. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती होती.

त्या पुरानंतर नदीतला गाळ पोकलेन आणि डंपर लावून उपसण्यात आला. उथळ पात्रात हीच पद्धत सोयीची. पण पोकलेनला उभे राहायला जागा हवी, डंपरला रस्ता हवा. खाडीच्या खोल पाण्यात दोन्ही नसतात. तेथे ड्रेजर उपयोगी पडतो. त्याचे फिरते दाते तळ खरवडतात, पंप पाण्यासह गाळ ओढून घेतो आणि नळातून दूर काठावर पाठवतो.

आता थोडे गणित करू. समजा, नळाचा आतील व्यास ५० सेंटिमीटर आणि पोलादाची जाडी १ सेंटिमीटर आहे. अशा १ मीटर नळाचे वजन सुमारे १२६ किलोग्रॅम भरते. तो पूर्ण बुडाला तर २१२ लीटर पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाणी त्याला २१२ किलोग्रॅमइतके उचलून धरते. म्हणजे दोन्ही तोंडे बंद केलेला रिकामा नळ आपोआप तरंगेल!

त्यात गाळपाणी भरा. एका लीटरला १.२ किलोग्रॅम धरले, तर आतले वजन २३६ किलोग्रॅम होते. नळासह एकूण ३६२. उचल मात्र २१२ च. दर मीटरला १५० किलोग्रॅम कमी पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी नळाला हवाबंद पोकळ पिंपे बांधतात.

पण १५० चाच हिशेब करून चालेल का? नाही. पंप मध्येच बंद पडून नळात ओली वाळू ठासून बसली, तर तिचे वजन लीटरला सुमारे १.९ किलोग्रॅम धरावे लागेल. मग तूट २८७ किलोग्रॅमवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट! म्हणून पिंपे निवडताना नेहमीच्या दिवसाचा नव्हे, वाईटात वाईट दिवसाचा विचार करावा लागतो.

वाळू बसू नये म्हणून नळातला वेग सेकंदाला साधारण ३ ते ५ मीटर ठेवतात. ४ मीटर धरला तर आपल्या नळातून दर सेकंदाला सुमारे २५० किलोग्रॅम कोरडा गाळ जाईल. म्हणजे चाळीस सेकंदांत दहा टनांचा एक ट्रक!

हा नळ मांडण्याचे काम काठावर सुरू होते. नळांची तोंडे रबरी चकत्या घालून बोल्टने जोडतात, पिंपे बांधतात आणि टोके बंद करून रिकामी रांग होडीने ओढत नेतात. ड्रेजर डावी-उजवीकडे झुलत काम करतो, भरती-ओहोटीने पाणीही वर-खाली होते. म्हणून मधूनमधून लवचीक रबरी नळ किंवा फिरते सांधे असतात. प्रवाहाने रांग वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना नांगर टाकतात. होड्यांना रांग दिसावी म्हणून रात्री दिवे लावतात. पहिल्यांदा साधे पाणी सोडून गळती तपासतात, मगच गाळ. काम थांबवतानाही आधी साध्या पाण्याने नळ धुऊन घेतात.

येथे एक गंमत ध्यानात आली का? महाडजवळ सावित्रीचे जे होते, तेच नळात होऊ नये म्हणून ही सारी धडपड! नदी काय, नळ काय, नियम एकच: वेग गेला की गाळ बसला. आणि डोंगरावरची माती जोवर सुटून खाली येत आहे, तोवर उपसलेले पात्र पुन्हा भरणार. पोलादपूरच्या उतारावर झाडांनी धरून ठेवलेली माती महाडला उपसावी लागत नाही.

एका पारदर्शक बाटलीत वाळू, माती आणि पाणी घालून ती जोराने हलवा व टेबलावर ठेवा. वाळू किती सेकंदांत बसते? पाणी नितळ व्हायला किती तास लागतात? नोंद वहीत करा. मग सांगा, पंप एकच मिनिट बंद पडला तर वाळूच्या नळाला धोका जास्त, की बारीक मातीच्या?