प्रोजेक्टर बिघडला म्हणण्याआधी



ग्रामसंघाच्या बैठकीत प्रोजेक्टर आता नवलाचा राहिला नाही. शेळ्यांच्या लसीकरणाची फिल्म असो की बँकेच्या कर्जाची माहिती, भिंतीवर मोठं चित्र दिसलं की मागच्या रांगेतल्या आजीलाही समजतं. पण नेमकं सगळ्या जणी जमल्यावर भिंत निळी पडते, नाहीतर रिमोट दाबून दाबून बोटं दुखायला लागतात. मग "बिघडला वाटतं" म्हणून यंत्र पिशवीत जातं आणि दुसऱ्या दिवशी सोनारीहून परंड्याला, नाहीतर थेट बार्शीला निघतं. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं असलं तरी दिवस पूर्ण जातो. रोजगार बुडतो. आणि पुष्कळदा दुकानात कळतं की बिघाड नव्हताच, वायर ढिली होती किंवा रिमोटचे सेल संपले होते.

तो प्रोजेक्टर गटांच्या पैशाचा आहे. शेतातून येऊन, चूल आवरून बैठकीला बसलेल्या बाईचा वेळही गटाचाच आहे. दोन्ही वाया जाऊ नयेत म्हणून ही माहिती.

यंत्र चालवणारी गावातलीच हवी

आपल्याकडच्या यात्रा-जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीज अनेक वर्षं चालल्या. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्यांच्यावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. तंबूत लोक बसलेले असताना यंत्र अडलं, तर ते जागेवरच सोडवावं लागायचं.

बचत गटांच्या बैठकीत फिल्म दाखवायचं मोठं काम 'डिजिटल ग्रीन' या संस्थेने केलं. २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात ते सुरू झालं आणि २००८ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. शेतकऱ्यांच्याच छोट्या फिल्म, बॅटरीवर चालणारा लहानसा प्रोजेक्टर, आणि फिल्म मध्ये थांबवून चर्चा करणारी गावातलीच व्यक्ती, अशी त्यांची पद्धत. म्हणजे यंत्र हाताळायला बाहेरचा माणूस लागतो, असं काही नाही.

टाकी, पाइप आणि नळ

घरी नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ काढून फेकत नाही. टाकीत पाणी आहे का बघतो, मधला वॉल बघतो, मग नळाकडे येतो. प्रोजेक्टरचंही तसंच आहे. लॅपटॉप, मोबाइल किंवा पेनड्राइव्ह ही टाकी. वायर हा पाइप. प्रोजेक्टर हा नळ. चित्र दिसत नाही याचा अर्थ तिघांपैकी एकाचं अडलंय. कोणाचं, ते दोन साध्या परीक्षांनी कळतं.

पहिली परीक्षा: प्रोजेक्टर चालू करा आणि 'मेनू'चं बटण दाबा. भिंतीवर मेनूची पाटी स्वच्छ दिसली, रंग ठीक असले, तर प्रोजेक्टर चांगला आहे. दोष वायरीत किंवा लॅपटॉपमध्ये शोधा. मेनूच अंधुक, डागाळलेला किंवा एका रंगाचा दिसला, तर दोष प्रोजेक्टरकडे किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

दुसरी परीक्षा: रिमोट बाजूला ठेवा आणि प्रोजेक्टरच्या अंगावरचं बटण दाबा. अंगावरच्या बटणाने काम झालं, तर यंत्र ठीक आहे आणि अडचण रिमोटची आहे.

एवढं पाच मिनिटांत होतं. यानंतरच पुढचं.

भिंत निळी किंवा काळी, चित्र येत नाही

भिंतीवर निळा पडदा आणि 'नो सिग्नल' असं आलं, तर घाबरू नका. दिवा चालू आहे, यंत्र जागं आहे, फक्त पाइपातून पाणी येत नाही. क्रमाने बघा.

१. वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. अर्धवट बसलेली वायर हेच सगळ्यात मोठं कारण.

२. प्रोजेक्टरला मागे दोन-तीन जागा असतात. वायर ज्या जागेत लावली, तीच जागा यंत्रात निवडलेली हवी. त्यासाठी 'सोर्स' किंवा 'इनपुट'चं बटण असतं. चौकोनात शिरणारा बाण, अशी त्याची खूण बऱ्याच रिमोटवर दिसते. दाबा, थोडं थांबा, पुन्हा दाबा. घाईने दहा वेळा दाबलं तर योग्य जागा येऊन निघून जाते.

३. लॅपटॉपवर खिडकीची खूण असलेलं बटण धरून इंग्रजी 'पी' दाबा. बाजूला यादी येईल, त्यातलं 'डुप्लिकेट' निवडा. आता लॅपटॉपवर जे आहे तेच भिंतीवर येईल. भिंतीवर नुसतं निसर्गचित्र दिसतंय आणि फिल्म मात्र लॅपटॉपवरच चालली आहे, असं असेल तरी उपाय हाच.

४. दुसरी वायर किंवा दुसरा लॅपटॉप लावून बघा. एकावेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता हे कळत नाही.

मोबाइल वायरीने जोडताय? सगळ्या मोबाइलच्या चार्जिंगच्या जागेतून चित्र बाहेर येत नाही. काहींतून येतं, काहींतून फक्त चार्जिंग होतं. वायफायवरून जोडताना मोबाइल आणि प्रोजेक्टर बहुधा एकाच वायफायवर असावे लागतात. पैसे भरून बघायच्या काही ॲपवर आवाज येतो आणि चित्र काळंच राहतं. तो बिघाड नसून कंपनीने नक्कल होऊ नये म्हणून घातलेली अडवणूक असते.

गावात नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून प्रशिक्षणाची फिल्म आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि एकदा लावून बघा. एमपी-फोर प्रकारची फाइल बहुतेक यंत्रांना चालते.

चित्र आहे, पण नीट नाही

अंधुक दिसतंय: आधी भिंग बघा. झाकण अर्धवट आहे का, धूळ बसली आहे का? चष्म्याचं मऊ, कोरडं फडकं हलक्या हाताने फिरवा. पदराने किंवा तोंडाची वाफ देऊन पुसू नका. मग भिंगाजवळची फोकसची चकती हळूहळू फिरवा. चकती नसेल तर फोकसची बटणं रिमोटवर असतात. भिंतीवरची मोठी अक्षरं वाचता आली की थांबा.

चित्र एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद: प्रोजेक्टर तिरका बसला आहे. 'कीस्टोन' बटणाने ते सरळ करता येतं, पण त्यात चित्राची थोडी स्पष्टता जाते. त्यापेक्षा यंत्रच भिंतीसमोर सरळ, पुरेशा उंच टेबलावर ठेवा.

चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं: मेनूत 'सीलिंग' किंवा 'रिअर' निवडलं गेलंय. ते बदलून 'फ्रंट' करा.

फिकं दिसतंय: प्रोजेक्टर टीव्हीसारखा नसतो, त्याला अंधार लागतो. दुपारची बैठक असेल तर खिडक्यांना सतरंजी लावा. शिवाय यंत्र भिंतीपासून दुप्पट लांब नेलं, तर चित्र चौपट जागेवर पसरतं आणि उजेड पावपट उरतो. थोडं जवळ घ्या, चित्र लहान पण ठसठशीत होईल. रंगीत भिंतीवर पांढरी, सुरकुती नसलेली चादर ताणून लावा.

रंग बिघडलेत, सगळं पिवळं किंवा गुलाबी: निळ्या डोक्याची जुनी वायर असेल तर तिच्या १५ पिना बघा. एक पिन वाकली तरी एखादा रंग गायब होतो. मेनूचे रंग ठीक आणि फिल्मचे बिघडलेले, तर दोष वायरीचाच समजा.

मेनूवरसुद्धा पांढरे किंवा काळे ठिपके कायम दिसत असतील, तर आतला भाग खराब होतोय. हे घरी सुटणारं काम नाही, दुकानात न्या.

रिमोट ऐकत नाही

आधी प्रोजेक्टरचा लहान दिवा बघा. दिवाच नसेल तर वीज पोहोचत नाही. रिमोटचा काय दोष? दिवा लुकलुकतोय आणि पंखा फिरतोय, तर यंत्र तापतंय किंवा थंड होतंय. तेवढा वेळ ते रिमोटचं ऐकत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा.

मग सेल. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा असं करू नका. अधिक-उणेची खूण बघूनच बसवा. कप्प्यात पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेलमधलं रसायन गळलंय. सेल काढा, कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून पत्री पुसा, कोरडी होऊ द्या. नंतर हात साबणाने धुवा. महिनाभर प्रोजेक्टर लागणार नसेल तर सेल काढूनच ठेवा.

रिमोट चालतो की नाही, हे मोबाइलने कळतं. बहुतेक रिमोट डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतात, पण तो कॅमेऱ्याला दिसतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. घरातल्या चालू टीव्हीच्या रिमोटवर आधी करून बघा, म्हणजे तुमच्या मोबाइलला तो उजेड दिसतो का हे कळेल.

ठिपका दिसतोय आणि तरी काम होत नाही? प्रोजेक्टरच्या अंगावर काळसर काचेचा छोटा डोळा असतो, त्याच्यासमोर रिमोट धरा. मध्ये खुर्ची, भांडं, माणूस नको. डोळ्यावर थेट ऊन पडलं तरी त्याला रिमोट दिसत नाही. एखादं बटण आत रुतून बसलं असेल तर बाकीचीही चालत नाहीत. ते हलक्या हाताने वर आणा.

नव्या काही प्रोजेक्टरचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांत ठिपका दिसेलच असं नाही. ते यंत्राशी पुन्हा जोडावे लागतात. कोणती दोन बटणं धरायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं. म्हणून पुस्तिका टाकू नका.

आणि कार्यक्रम भैरवनाथाच्या देवळाजवळ असेल, तर रिमोट ओट्यावर मोकळा ठेवू नका. सोनारीच्या माकडांना कशाचंच वावडं नाही!

मध्येच बंद पडतो

चालता चालता बंद पडला तर बहुधा तो तापलेला असतो. हवा शिरायची आणि निघायची जागा कापडाने, भिंतीने झाकलेली आहे का बघा. गादीवर, उशीवर ठेवू नका. जाळी असेल तर महिन्यातून एकदा, वायर काढून, मऊ ब्रशने झाडा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार, तेव्हा पंधरा दिवसांनी झाडा.

दिवा असलेल्या जुन्या प्रोजेक्टरला बंद करताना आधी पॉवरचं बटण दाबा, पंखा थांबू द्या, मगच प्लग काढा. वीज अचानक गेली आणि लगेच आली तरी पंधरा मिनिटं थांबून चालू करा. अशा दिव्याचं आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास धरतात. एलईडीचं २०,००० तासांच्या वर सांगतात. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टरवर चालवणं चांगलं.

हे मात्र करू नका

- यंत्राचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आत काही वेळ वीज साठलेली राहते.
- चालू प्रोजेक्टरच्या भिंगात डोकावू नका, मुलांनाही डोकावू देऊ नका.
- जळालेला वास किंवा धूर आला तर आधी वीज बंद. पुन्हा लावून बघायचं नाही.
- जुन्या प्रोजेक्टरचा दिवा आत फुटला तर खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर व्हा. त्यात पारा असतो. काचा उघड्या हाताने गोळा करू नका.

ग्रामसंघाने काय ठरवावं?

प्रोजेक्टरची जबाबदारी दोघींकडे द्या, एकीकडे नको. एक माहेरी गेली तरी बैठक अडणार नाही. एक वही ठेवा: तारीख, काय अडलं, काय केलं, खर्च किती. सारखी तीच तक्रार येत असेल तर वहीत दिसेल. बिल ग्रामसंघाच्या नावाचंच घ्या, वॉरंटी कार्ड दप्तरात ठेवा आणि यंत्रावरचा सिरीयल नंबर वहीत उतरवा. दुकानात द्यायची वेळ आलीच तर पावती घ्या, आणि दोन्ही परीक्षांत काय दिसलं ते दुकानदाराला सांगा. "मेनू स्वच्छ दिसतो, पण दुसऱ्या वायरीनेही चित्र येत नाही," असं सांगणाऱ्या बाईला कुणी नको ते काम करून बिल लावत नाही.

नवा घ्यायचा असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. उजेड 'एएनएसआय लुमेन्स'मध्ये किती, ते विचारा. नुसते 'लुमेन्स' म्हणून हजारोंचे आकडे छापलेले असतात. घेण्याआधी दुकानात दिवे लावलेले असताना चालवून बघा.

पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी जाऊन या दोन परीक्षा करा. आपल्याबरोबर गटातली एखादी अशी मैत्रीण घ्या, जिने आजवर रिमोट हातातच घेतलेला नाही. बटणं तिला दाबू द्या.